‘मी तसं म्हटलंच नव्हतं’: कामाच्या ठिकाणी आपलं बोलणं समोरच्याला कसं पोचतं, याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीजवळच्या एका आंबा कॅनिंग युनिटमध्ये मी बरीच वर्षं सुपरवायझर होते. आता दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत छोटे कारखाने, पतसंस्था, होमस्टेवाल्यांच्या बैठका, जिथे बोलावतील तिथे याच एका विषयावर बोलायला जाते. लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केले आहेत.

माझ्या मनात काही नसतं, तरी लोकांना लागतं. असं का होतं?

कारण तुमचं मन फक्त तुम्हाला ऐकू येतं.

1990 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या संशोधक विद्यार्थिनीने एक साधा प्रयोग केला. एकाने सगळ्यांना माहीत असलेल्या गाण्याचा ठेका बोटांनी टेबलावर वाजवायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता, निम्मी गाणी तरी ओळखली जातील. 120 पैकी ओळखली गेली 3. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं. ऐकणाऱ्याच्या कानावर नुसती टकटक पडते. घरी करून बघा. समोरच्याला ओळखता आलं नाही की तुम्हाला त्याचा थोडा रागही येईल, तो राग लक्षात ठेवा. ‘एवढं साधं सांगितलं तरी कळत नाही’ हा ऑफिसातला राग त्याच जातीचा असतो.

माझ्या बाबतीत घडलं ते सांगते. मे महिन्याचे दिवस, कॅनिंगचा आंबा गाड्या भरून येत होता. सोलायच्या टेबलावर चौदा बायका. पलीकडे पल्पर, म्हणजे आंब्याचा गर काढायचं यंत्र, सुरू. त्यांच्यातली एक दोन दिवस आली नव्हती, तिचा मुलगा तापाने पडला होता, आणि मला ते माहीत होतं. तिसऱ्या दिवशी ती टेबलाशी दिसली आणि मला मनापासून बरं वाटलं. मी या टोकाकडून तिला म्हटलं, ‘आज तरी आलीस गं!’

माझ्या तोंडावर मास्क होता, डोक्यावर टोपी. हसू मास्कच्या आत राहिलं. पल्परच्या घरघरीत ऐकू जावं म्हणून आवाज चढवला होता. मग तिच्यापर्यंत पोचलं काय? तेरा जणींच्या देखत चढलेला आवाज, आणि तो ‘तरी’. दिवसभर ती मान खाली घालून सोलत राहिली. दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्या युनिटमध्ये जायला लागली. मी समजले, तिकडे मजुरी जास्त मिळत असेल. खरं कारण कळलं ते गणपतीत, तिच्या शेजारणीकडून. म्हणजे साडेतीन महिने मी निर्धास्त होते.

एका शब्दाने एवढं होतं?

आपल्या मराठीत होतं. ‘तू सांगितलं होतंस’ आणि ‘तूच सांगितलं होतंस’ यांत एका ‘च’चा फरक आहे, आणि त्या ‘च’मध्ये अख्खी फिर्याद आहे. ‘मी सांगितलंच होतं’ हे वाक्य खरं असलं तरी त्याचा कामाला काही उपयोग होत नाही, ते फक्त आपला मान राखतं. ‘एवढं पण जमलं नाही?’ मधला ‘पण’ तसाच. ‘हिशोब छान केलास, पण…’ म्हटलं की कौतुक तिथेच पुसलं जातं, माणूस पुढचं ऐकायला छाती घट्ट करून बसतो.

‘आपण’ हाही जपून वापरायचा शब्द. ‘आपण आज थांबून स्टॉक मोजून टाकू’ असं म्हणून साहेब साडेपाचला स्कूटर काढतात तेव्हा तो ‘आपण’ कोणाकोणाच्या डोक्यात किती दिवस फिरत राहतो, याची साहेबांना कल्पना नसते.

आणि आपला लाडका ‘बघू’. तो नकारही असतो, होकारही, आणि ‘मला आत्ता विचार करायचा नाही’ असाही. रजेचा अर्ज घेऊन आलेल्या मुलाला ‘बघू’ म्हटलंत तर तो तिकीट काढायचं की नाही या काळजीत घरी जातो. गणपतीच्या आधी तर हा शब्द वापरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. ‘गुरुवारी सांगते’ म्हणा आणि गुरुवारी सांगा.

आम्ही कोकणी माणसं फणसासारखी, वरून काटे, आत गरे. लोकांनी हे समजून घ्यायला नको का?

हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी येतो, आणि विचारणारा माणूस बहुतेक वेळा खरोखरच मायाळू असतो.

फणस कापायला घेताना आपण हाताला आणि विळीला आधी तेल लावतो, नाहीतर चीक सुटत नाही. ज्याला गरे खायचेत त्याने ही तयारी करायची, हे घरात ठीक आहे. पण लातूरहून बदलून आलेला बँकेतला मुलगा, किंवा पहिल्या नोकरीची मुलगी, हिने रोज सकाळी हाताला तेल लावून तुमच्या टेबलाशी यायचं का? तिला गरे आहेत हेच अजून माहीत नाही. तिला काटे दिसतात.

मालवणात ‘काय रे मेल्या, खंय होतंस?’ ही माया आहे. त्यातला ‘मेल्या’ काढला तर काहीतरी बिनसलंय असं वाटेल. तोच शब्द घाटावरून आलेल्याच्या कानाला सरळ शिव्याशाप वाटतो. तुम्ही बदलायचं म्हणजे तुमची बोली सोडायची असं मी म्हणत नाही. गजालीला, गप्पा मारायला बसाल तेव्हा खुशाल म्हणा. माणूस नवा असेपर्यंत मात्र त्याला हा शब्द कसा पोचतो ते आधी बघा.

मी बोटीचा मालक आहे. समुद्रात ओरडल्याशिवाय चालत नाही. तिथे गोड बोलत बसू?

नका बसू. इंजिनाच्या आवाजात आणि जाळं ओढताना एक क्षण हुकला तर कोणाचा तरी हात जाईल. ‘दोर सोड!’ कितीही मोठ्याने म्हटलं तरी त्यात कोणाचा अपमान नाही, खलाशांनाही ते कळतं. ‘दोर सोड, गाढवा!’ यातला दुसरा शब्द दोराला लागत नाही.

अडचण पुढे होते. तोच आवाज तांडेल, म्हणजे बोटीवरचा प्रमुख, जेट्टीवर उतरल्यावरही तसाच ठेवतो. बर्फ भरताना, हिशोब वाटताना, घरी फोन करणाऱ्या पोराला हाक मारताना. कानाला सवय झालेली असते, आपण ओरडतोय हे त्याला जाणवतही नाही. मग 1 जूनला मासेमारी बंद होते, खलाशी गावाला जातात, आणि 31 जुलैनंतर त्यातले दोघं शेजारच्या बोटीवर चढलेले दिसतात. वर्षभरात त्याच्या बोलण्याबद्दल त्याला मिळालेलं तेवढंच उत्तर. जेट्टीला पाय लागला की पहिली पाच मिनिटं मुद्दाम हळू बोलायचं, एवढा एकच नियम एका तांडेलाने स्वतःला घालून घेतला. मला तो फार शहाणा माणूस वाटतो.

मी स्टाफला विचारतो, ‘माझ्या बोलण्यात काही चुकतं का?’ सगळे म्हणतात, ‘नाही सर.’ मग?

मग तुम्हाला काहीच कळलेलं नाही. या प्रश्नाला ‘नाही सर’शिवाय दुसरं उत्तर देणं त्यांना परवडत नाही. पगारवाढ, रजा, शिफ्ट तुमच्या हातात. तुमचं बोलणं कसं पोचतं याची सगळ्यात खरी माहिती ज्याच्याकडे असते, ती सांगण्याची त्याचीच सगळ्यात कमी ऐपत असते. माझ्या मते या विषयाची खरी गाठ इथे आहे, म्हणून इथे थोडी थांबते.

1955 साली जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या दोन मानसशास्त्रज्ञांनी चार चौकटींची एक खिडकी मांडली. दोघांच्या नावांतून तिला ‘जोहरी’ म्हणतात. आपल्याकडे बऱ्याच जणांना ते जवाहिऱ्याचं नाव वाटतं. एका चौकटीत मलाही माहीत आणि इतरांनाही माहीत अशा गोष्टी, दुसरीत फक्त मला माहीत असलेल्या, तिसरीत कोणालाच माहीत नसलेल्या. आणि एक चौकट अशी, की ती इतरांना स्वच्छ दिसते आणि मला दिसत नाही. मी बोलताना घड्याळाकडे बघते हे चौदा जणींना माहीत होतं. मला नव्हतं. ही चौकट मी कितीही आत्मपरीक्षण केलं तरी उघडत नाही, तिची कडी बाहेरून आहे.

ती त्यांनी काढावी असं वाटत असेल तर त्यांना ते स्वस्त करून द्यावं लागतं. मी काय करत आले ते सांगते.

‘माझं बोलणं कसं वाटतं?’ असं मोघम कधी विचारत नाही. ताजी, छोटी गोष्ट घेते. ‘मघाशी बॅचबद्दल मी बोलले, त्यातून आता काय करायचं असं तू समजलीस?’ याला उत्तर देताना कोणाला माझ्यावर टीका करावी लागत नाही, आणि तरी मी काय बोलले ते मला परत ऐकू येतं. कितीतरी वेळा ते मी बोललेच नव्हते असं असतं. पुढचा प्रश्न, ‘पुढच्या वेळी हे कसं सांगू म्हणजे सोपं जाईल?’ झाल्या गोष्टीचा निकाल द्यायला माणूस घाबरतो, पुढचा सल्ला मात्र देतो.

उत्तर आलं की मी फक्त ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणते. त्या दिवशी स्पष्टीकरण देत नाही. हे फार जड जातं. ‘अगं, माझा हेतू…’ हे शब्द ओठांवर येतात. ते बाहेर पडले की ती पुन्हा कधी सांगणार नाही, कारण तिने सांगितलं आणि तिलाच ऐकून घ्यावं लागलं.

आणि जे सांगितलं त्यातली एखादी तरी गोष्ट आठवड्याच्या आत बदललेली तिला दिसली पाहिजे. ती दिसली की दुसरी आपण होऊन येते.

आपल्याकडे खरं बोलणं बऱ्याचदा तिसऱ्याच्या तोंडून येतं. वाडीतली एखादी मोठी बाई, जुना फोरमन. शहरातले ट्रेनर याला वाईट सवय म्हणतात. मला तसं वाटत नाही. तो माणूस तुमच्याकडे आला तर ‘कोण म्हणालं?’ एवढं मात्र चुकूनही विचारू नका.

स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकावा का?

ऐकावा, मीटिंगमधल्या सगळ्यांना विचारून मगच. पहिल्यांदा आवाज परका आणि बारीक वाटेल. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून आणि कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, हाडांतून येणारा भाग जरा खर्जातला. रेकॉर्डिंगमध्ये तो नसतो. इतरांना तुम्ही रोज असेच ऐकू येता. आवाजाचा पोत सोडून द्या. कोण बोलत असताना तुम्ही मध्ये घुसलात तेवढं मोजा. एकदाच मोजलंत तरी पुरे.

व्हॉट्सॲपवर गैरसमज जास्त का होतात?

कारण तिथे फक्त टकटक उरते. 2005 साली जस्टिन क्रुगर आणि सहकाऱ्यांनी ईमेलवर प्रयोग केले. आपलं वाक्य खरं म्हणून लिहिलंय की उपरोधाने, हे समोरचा जवळपास 78 टक्के वेळा ओळखेल असं लिहिणाऱ्यांना वाटलं. प्रत्यक्षात ते प्रमाण 56 टक्क्यांच्या आसपास निघालं, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा थोडंच बरं.

तारकर्लीच्या एका होमस्टेवाल्या वहिनींनी मला त्यांचा फोन दाखवला होता. पाहुणा विचारतो, ‘एसी आहे का?’ उत्तर, ‘नाही.’ ‘लहान मुलांसाठी दूध मिळेल?’ उत्तर, ‘हो.’ पाहुणा गायब. वहिनी चुलीवर मासे तळता तळता उत्तर देत होत्या, एक हात पिठाचा. त्या समोर असत्या तर ‘नाही’ म्हणताना हसल्या असत्या, ‘पण खोली माडात आहे, रात्री चादर लागते’ म्हणाल्या असत्या. आता त्या अशा वेळी बोलून पाठवतात. वीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज. मला वाटतं ज्याची भाषा आवाजात आहे त्याने लिहिण्याचा हट्ट धरू नये.

ऑफिसच्या ग्रुपवर चूक दाखवू नका. ‘नोटेड’, ‘ओके’ एवढंच लिहिणाऱ्यांनी निदान महिन्यातून एकदा ‘छान झालं’ही लिहावं, म्हणजे ‘ओके’चा अर्थ राग होत नाही.

आमच्या बागेत राखणदार नेपाळी आहेत. हिंदीत बोलतो, तरी दुखावतात.

मराठीत आपण आईलाही ‘तू’ म्हणतो, देवालाही. तो ‘तू’ आपण हिंदीत जसाच्या तसा नेतो. हिंदीत तो अनोळखी मोठ्या माणसाला फेकून मारल्यासारखा लागतो. नेपाळीत तर ‘तँ’, ‘तिमी’, ‘तपाईं’ अशा तीन पायऱ्या आहेत, त्यामुळे त्यांचा कान याबाबत आपल्यापेक्षा तिखट असतो. ‘आप’ म्हणायला पैसे पडत नाहीत.

दुसरं, हिंदीतला ‘कल’ म्हणजे उद्याही आणि कालही, आणि आपल्या कानाला तो ‘काल’सारखा ऐकू येतो. ‘कल फवारा मारनेका’ यावरून मोहोराच्या दिवसांत वाद झालेले मी पाहिलेत. वार सांगा.

शब्दांचं महत्त्व फक्त 7 टक्के, बाकी सगळं देहबोली आणि आवाज, हे खरं ना?

नाही. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 च्या प्रयोगांतून आले. ते प्रयोग एका छोट्या प्रश्नाचे होते: सुट्या शब्दाचा अर्थ एक, आणि आवाज किंवा चेहरा उलटं सांगत असेल, तर समोरच्याला आपण आवडतो की नाही हे माणूस कशावरून ठरवतो. सगळ्या संवादाला हे लागू नाही, असं स्वतः मेहराबियन सांगत आले. रिटॉर्टचं, म्हणजे डबे तापवून निर्जंतुक करायच्या यंत्राचं, तापमान किती ठेवायचं ते देहबोलीने सांगता येत नाही. पण शब्द गोड आणि चेहरा आंबट असेल तर लोक चेहऱ्यावर विश्वास ठेवतात, एवढं त्यातून घ्या.

पुरुष सुपरवायझर बोलला तर ‘कडक’, मी तेच बोलले तर ‘कजाग’. यात माझं काय चुकलं?

तुझं काही चुकलं नाही, बाई. बोलणं कसं पोचतं यात बोलणाऱ्याचा वाटा असतो तसा ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून भरलेल्या गोष्टींचाही असतो. तो तुझ्या माथी मारून घेऊ नकोस. एक युक्ती मला उपयोगी पडली: सूचना दिली की लगेच कारण जोडायचं. ‘हात पुन्हा धुवा, मघाशी दाराची कडी लागली’. कारण ऐकल्यावर स्वभावाबद्दल बोलायला जागा कमी राहते. तरीही कोणी कजाग म्हणेल. सूचना बरोबर असेल तर देत राहायची.

माझं उलटं आहे. बोलून झालं की रात्रभर तेच आठवतं, सगळे काय म्हणाले असतील.

मग या पानावरचे बाकीचे प्रश्न तुम्ही जास्त मनावर घेऊ नका. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टीशर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं, निम्म्यांनी तरी तो पाहिला असणार. लक्ष गेलं होतं साधारण पाव लोकांचं. लोक आपापल्या संसारात असतात. एकच माणूस निवडा, ज्याच्याशी तुमचं पटतं, त्याला दुसऱ्या दिवशी विचारा आणि त्याचं उत्तर खरं माना.

साहेब सगळ्यांसमोर पाणउतारा करतात. माझीच समजण्यात चूक आहे का?

रोज, सगळ्यांसमोर आणि सांगूनही थांबत नसेल, तर नाही. त्याला गैरसमज म्हणू नका. तारीख आणि शब्द लिहून ठेवा, त्यांच्या वरच्यांकडे जा. बोलणं लैंगिक स्वरूपाचं असेल तर 2013 च्या कायद्याने दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, आणि त्याहून छोट्या जागांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. दुकानात, होमस्टेत काम करणाऱ्या बायकांना हे दुसरं अनेकदा माहीत नसतं.

दुसऱ्याला त्याच्या बोलण्याबद्दल सांगायचं तर कसं?

एकट्याला, लवकर, आणि वाक्याबद्दल. 1996 साली क्लुगर आणि डिनिसी यांनी अशा अभिप्रायांवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायानंतर काम उलट बिघडलेलं दिसलं. बोट कामाकडून माणसाकडे वळलं की तसं होण्याचा संभव वाढतो. ‘तू फटकळ आहेस’ यावर कोणी काय करणार? ‘काल काउंटरवर त्या आजोबांना “फॉर्म वाचता येत नाही का” म्हणालास, ते खुर्चीत बसूनच राहिले’ असं म्हटलं तर तो निदान त्या आजोबांना डोळ्यासमोर आणू शकतो.

फार उशिरा कळलं. आता माफी मागून उपयोग आहे का?

मी मागितली. दिवाळी झाल्यावर त्या बाईच्या घरी गेले. ती भात झोडत होती, मला बघून पदर सारखा करून उभी राहिली. मी हेतू वगैरे काही सांगितलं नाही. ‘मे महिन्यात मी सगळ्यांसमोर “आज तरी आलीस” म्हणाले, ते मी म्हणायला नको होतं,’ एवढंच बोलले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘मॅडम, पोरगा तापाने पडलाय ते तुमका माहीत होता. म्हणान जास्त लागला.’ चहा केला. परत ये असं मी म्हटलं नाही, तीही काही बोलली नाही.

पुढच्या सीझनला, पहिल्या गाडीच्या दिवशी, ती हात धुवायच्या नळाशी रांगेत उभी होती. आत मास्क लावावाच लागतो. मी माझा मास्क हातातच धरला, तिच्याजवळ गेले आणि पल्पर सुरू व्हायच्या आत म्हटलं, ‘आलीस. बरं वाटलं.’